पॅनेल १३५ अंश दाखवतंय, कार्ड सगळे एफ देतंय: ड्रायव्हरमधल्या विचित्र आकड्यांचं समस्या निवारण

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यांत लिनक्सवर चालणारे कंट्रोलर आणि डेटा लॉगर बसवायचे आणि बसवल्यावर सांभाळायचे, हे माझं काम. काही ठिकाणी एआरएमचे छोटे बोर्ड असतात, काही ठिकाणी पीसीआय एक्सप्रेस कार्ड घातलेले इंडस्ट्रियल पीसी. ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारं सॉफ्टवेअर, बरेचदा मीच लिहिलेले असतात, त्यामुळे फोनही मलाच येतो. तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन थांबतात: हार्डवेअरने असा आकडा दिला, जो येईल असं कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यातच नव्हतं.

खाली लक्षणं आधी, मग तपासण्या. बिनपैशाच्या आधी, सोल्डरिंगच्या आणि रात्र घालवणाऱ्या नंतर. क्रम मोडू नका. मी तो मोडून दोनदा चांगला बोर्ड फेकला आहे.

लक्षणं

- तापमान मधूनच १३५, २५०, ८५ किंवा नेमकं शून्य दिसतं आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा ३८ होतं.
- रजिस्टर (हार्डवेअरमधला आकडा ठेवायचा कप्पा) वाचलं की आठच्या आठ हेक्स (१६च्या पायातले) अंक एफ. एलएसपीसीआयमध्ये (पीसीआय उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) कार्डासमोर ‘रेव्ह एफएफ’, आणि सविस्तर माहिती मागितली तर ‘अननोन हेडर टाइप ७एफ’.
- मशीन गोठतं. कीबोर्ड, नेटवर्क, सगळं गप्प. नंतर लॉगमध्ये ‘सॉफ्ट लॉकअप’ आणि सीपीयू २२ सेकंद अडकल्याची ओळ सापडते.
- ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ अशी ओळ येते (आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची, उपकरणाने सीपीयूला मारलेल्या हाकेची, लाइन) आणि त्यानंतर त्या लाइनवरचं आणखी एखादं उपकरणही मंदावतं.
- ‘डी३कोल्डमधून डी०मध्ये नेता येत नाही’ अशी तक्रार, म्हणजे उपकरण गाढ झोपेतून जागं होत नाही, विशेषतः मशीन बराच वेळ रिकामं राहिल्यावर.
- शुक्रवारी सकाळी तारीख १ जानेवारी २०००.
- सगळ्यात वाईट म्हणजे काहीच लक्षण नाही. चार तासांनी भलत्याच प्रोग्रॅममध्ये मेमरी बिघडल्याचं दिसतं.

यातलं एक जरी ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा. मशीन आत्ता गोठलेलं असेल आणि त्यावर भट्टी, प्रेस किंवा उचलणारं काही चालत असेल, तर आधी मशीन हाताने सुरक्षित बंद करा. बाकीचं उद्याही वाचता येईल.

पहिली तपासणी: आकडा हेक्समध्ये लिहा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. विचित्र आकडा दशमानात विचित्र दिसतो, हेक्समध्ये बहुतेकदा ओळखू येतो. म्हणून कागदावर दोन्ही लिहा.

सगळे एफ म्हणजे बहुधा समोर कोणी नाही. पीसीआयवर जे उपकरण उत्तर देत नाही त्याचं वाचन सगळे एक भरून परत येतं. उपकरणाने ते पाठवलेलं नसतं, वरच्या पुलाने (पीसीआय ब्रिजने) रिकामी जागा भरलेली असते. सगळी शून्यं म्हणजे अनेकदा घड्याळ (चिपला ठोके देणारा सिग्नल) बंद, वीज बंद किंवा डेटा लाइन जमिनीला (ग्राउंडला) चिकटलेली. १२ बिटांच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) ४०९५ म्हणजे इनपुट मोकळं लोंबकळतंय किंवा मर्यादेपलीकडे गेलंय. बाइट उलटे लागले तरी आकडा लगेच ओळखू येतो: इंटेलचा व्हेंडर क्रमांक ८०८६ ऐवजी ८६८० दिसला तर हार्डवेअर ठणठणीत आहे, तुम्ही लिट्ल एंडियन आणि बिग एंडियन यांत, म्हणजे बाइटांच्या क्रमात, घोळ केलाय.

८५ अंशांची गंमत वेगळी. डीएस१८बी२० या लोकप्रिय सेन्सरचं वीज आल्यानंतरचं मूळ मूल्यच ८५ आहे. १२ बिटांत मोजायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. त्याआधी वाचलंत, किंवा मोजताना त्याची वीज डगमगली, की तो निरागसपणे ८५ सांगतो, आणि सीआरसीही (डेटा पडताळायचा आकडा) बरोबर येतो. त्याच सेन्सरची डेटा लाइन जमिनीला टेकली तर नऊच्या नऊ बाइट शून्य येतात, आणि शून्यांचा सीआरसी शून्यच असल्याने तीही परीक्षा पास! एप्रिलमध्ये भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये शून्य अंश, आणि सॉफ्टवेअर म्हणतं तपासून घेतलंय.

आता १३५. हा माझा स्वतःचा पराक्रम आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

एका पॅनेलमध्ये आय-टू-सी बसवर (चिपांना जोडणारी दोन तारांची वाट) तापमानाची चिप होती. दिवसातून दोन-तीनदा १३५ अंशांचा अलार्म वाजायचा. मेंटेनन्सचे काका फोनवर म्हणाले, “अहो सर, पॅनेलमध्ये हात घालून बघितलाय मी. १३५ असतं तर हाताची भाजी झाली असती.” मी त्यांचं ऐकायला हवं होतं. त्याऐवजी पुण्यातल्या तापकीर गल्लीत जाऊन तीन वेळा चिप आणली, पंखा बदलला, एकदा तर पॅनेलची जागाच बदलायला लावली. अलार्म तसाच.

आठवड्याने आकडा हेक्समध्ये लिहिला: ८७. तरी ट्यूब पेटली नाही. मग २५६ मधून १३५ वजा केले. १२१. आणि उणे १२१ हा लिनक्समध्ये ‘रिमोट आय-ओ एरर’चा क्रमांक आहे. बसवर समोरून पोच आली नाही की बरेच आय-टू-सी कंट्रोलर ड्रायव्हर हाच क्रमांक परत करतात. बाइट वाचणारं फंक्शन चुकलं तर ऋण संख्या देतं, आणि मी ती थेट आठ बिटांच्या धन व्हेरिएबलमध्ये कोंबली होती. वरची बिटं गळाली, उरले १३५. म्हणजे चिप बिचारी काहीच बोलली नव्हती. ‘फोन लागत नाही’ हा निरोप मी तापमान म्हणून छापत होतो.

तेव्हापासून एक छोटा तक्ता भिंतीवर चिकटवलाय: १३५ म्हणजे उणे १२१, २५० म्हणजे उणे ६ (असं उपकरण नाही), २५१ म्हणजे उणे ५ (आय-ओ चूक), १४६ म्हणजे उणे ११० (वेळ संपली), २४५ म्हणजे उणे ११ (पुन्हा प्रयत्न करा, बसवर दोघे एकदम बोलले की हा दिसतो). १६ बिटांत वाचत असाल तर १३५च्या जागी ६५४१५ येईल. तुमचा विचित्र आकडा यात असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा, चूक कोडमध्ये आहे. पोच का आली नाही हे नंतर बघूच, पण ‘पोच नाही’ आणि ‘१३५ अंश’ यांत फरक न करणं हा हार्डवेअरचा दोष नव्हे.

कारखान्यातल्या माणसाला हे समजवायला ४-२० मिलिअँपिअरचा दाखला पुरतो. त्या लूपमध्ये शून्य मोजमापाला मुद्दाम ४ मिलिअँपिअर दिलेत, म्हणजे शून्य करंट दिसला की वायर तुटली हे लगेच कळतं. जुन्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी ‘शून्य’ आणि ‘काहीच नाही’ यांना वेगळं ठेवलं. आपण कोड लिहिताना ते पुन्हा एकत्र करतो.

दुसरी तपासणी: कर्नलचा लॉग, आधीच्या बूटचासुद्धा

हीसुद्धा फुकट. डीमेसेज, म्हणजे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) चालू लॉग, सगळे बघतात, पण गोठलेलं मशीन बटण दाबून चालू केल्यावर डीमेसेजमध्ये नव्या बूटचं पुराण असतं. हवं असतं ते आधीच्या बूटचं. जर्नलसीटीएलला ‘के’ आणि ‘बी उणे एक’ हे पर्याय देऊन ते मिळतं, पण जर्नल डिस्कवर साठवायची सोय आधी चालू केलेली असली तरच. अनेक छोट्या बोर्डांवर मेमरी कार्ड झिजू नये म्हणून ती बंद ठेवतात. पुढच्या वेळेसाठी आजच चालू करा, किंवा सीरियल पोर्टला एक जुना लॅपटॉप लावून ठेवा.

लॉगमध्ये पहिली ओळ शोधा, सगळ्यात मोठी नव्हे. माझा अनुभव असा की लाल अक्षरांतला स्टॅक ट्रेस (कोड कुठून कुठे जाऊन पडला याची यादी) हा शेवटचा बळी असतो. त्याच्या वीस सेकंद आधी कुठेतरी ‘पीसीआयई बस एरर’ची एक साधी ओळ असते. ‘करेक्टेड, फिजिकल लेयर’ असं लिहिलं असेल तर बसने चूक स्वतःच सुधारलीय, पण अशा ओळी मिनिटाला शंभर येत असतील तर पुढची तपासणी, म्हणजे कनेक्टर, आधी करा. यूएसबीच्या बाबतीत ‘एक्सएचसीआय होस्ट कंट्रोलर नॉट रिस्पॉन्डिंग, अझ्यूम डेड’ ही ओळ हेच सांगते: कंट्रोलरचं स्टेटस वाचलं आणि सगळे एक आले.

‘नोबडी केअर्ड’चा अर्थही समजून घ्या. एखाद्या लाइनवर एक लाख इंटरप्ट आले आणि त्यांतल्या ९९,९०० हून जास्तींना कोणत्याच ड्रायव्हरने आपलं म्हटलं नाही, तर कर्नल ती लाइनच बंद करतो. लाइन सामायिक असेल तर शेजाऱ्याचाही दाणापाणी तुटतो. म्हणून तक्रार नेटवर्क कार्डाची येते आणि गुन्हेगार शेजारचं डेटा कार्ड निघतं.

तिसरी तपासणी: वीज, कनेक्टर, बॅटरी

आता मल्टिमीटर काढा. यंत्र बंद, प्लग बाहेर.

कार्ड काढून सोनेरी पट्ट्या बघा, पुसा, नीट दाबून बसवा, स्क्रू लावा. पावसाळ्यानंतर, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, माझ्याकडचे निम्मे ‘सगळे एफ’ एवढ्यानेच गेलेत. दमट हवा आणि त्यात मिसळलेली ग्राइंडिंगची धूळ, दुसरं काय होणार. ३.३ व्होल्टची लाइन बोर्डावर, चिपच्या पायाजवळ मोजा. पॉवर सप्लायच्या टोकाला मोजलेलं कामाचं नाही, कारण व्होल्टेज वाटेत पडतं.

आय-टू-सी असेल तर पुल-अप (लाइन वर ओढून धरणारे) रेझिस्टर बघा. घड्याळ आणि डेटा, दोन्ही लाइनींना ते हवेतच, ४.७ किलोओहम ही नेहमीची किंमत. काही रुपयांचा माल आहे. पण केबल लांबवली की बसची धारिता (कपॅसिटन्स) वाढते, आणि साध्या वेगांना मानकाची मर्यादा ४०० पिकोफॅरड आहे. आय-टू-सी ही बोर्डावरच्या चिपांनी आपसांत कुजबुजायची भाषा आहे. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती नेणारे लोक आहेत, आणि मला त्यांच्याकडूनच सर्वाधिक कामं मिळतात. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलला चिकटून सेन्सरची केबल नेली असेल तर आधी ती वेगळ्या ट्रेमधून न्या, मग कोडला दोष द्या.

डेटा लाइन खालीच (शून्यावर) अडकून बसली असेल तर वाचनाच्या मधेच कंट्रोलर रीसेट झाला असण्याची शक्यता मोठी. चिप पुढच्या घड्याळ-ठोक्याची वाट पाहत लाइन धरून बसते. नऊ ठोके दिले की सोडते. कर्नलमध्ये यासाठी बस रिकव्हरीची सोय आहे, पण कंट्रोलरच्या ड्रायव्हरने ती जोडलेली असायला हवी.

शुक्रवारच्या २००० सालाचं उत्तर सोपं आहे. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, वीज बंद, आणि घड्याळाच्या चिपची सीआर२०३२ बॅटरी मेलेली. बॅटरी बदला. पण ड्रायव्हरकडेही बघा: डीएस३२३१मध्ये ‘घड्याळ मध्यंतरी थांबलं होतं’ हे सांगणारं बिट स्टेटस रजिस्टरच्या टोकाला असतं. ते न बघता वेळ पुढे पाठवणं म्हणजे बंद पडलेल्या घड्याळात बघून गाडीची वेळ सांगणं.

चौथी तपासणी: उपकरण झोपलंय का?

मशीन कामात असताना ठीक, जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे एफ, असं असेल तर वामकुक्षीचा संशय घ्या. रनटाइम पॉवर मॅनेजमेंट न वापरलेलं उपकरण झोपवतं. पीसीआय उपकरण डी३हॉटमध्ये असेल तर त्याची कॉन्फिगरेशनची जागा वाचता येते, पण मेमरीतली रजिस्टरं नाहीत. डी३कोल्डमध्ये दोन्ही नाहीत. एआरएमच्या बोर्डावर चिपच्या आतल्या एखाद्या विभागाचं घड्याळ बंद असताना त्याचं रजिस्टर वाचलं, तर चिपप्रमाणे शून्य येतं, एक्स्टर्नल अबॉर्ट येतो, किंवा अख्खी बस गोठते.

तपासायला फक्त एक फाइल लागते: सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग्ज फाइलींसारखी दाखवणारी जागा) त्या उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरमधल्या ‘कंट्रोल’मध्ये ‘ऑन’ लिहा. दोन दिवस त्रास झाला नाही तर मूळ सापडलं. एक्सप्रेस कार्डांसाठी बूटच्या ओळीत ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ देऊनही बघा. मात्र ही निदानाची युक्ती आहे, इलाज नाही. इलाज म्हणजे ड्रायव्हरने रजिस्टरला हात लावण्याआधी उपकरण जागं करणं, जागं झालं की नाही हे परत आलेल्या क्रमांकावरून बघणं, आणि काम संपल्यावर सोडणं. त्यातलं मधलं पाऊल लोक गाळतात.

पाचवी तपासणी: वाचण्यानेच आकडा बदलतोय का?

इथून पुढे हार्डवेअरचं मॅन्युअल उघडावं लागेल. तीन सापळे मला नेहमी भेटतात.

वाचलं की पुसलं जाणारं रजिस्टर हा पहिला. काही स्टेटस रजिस्टरं एकदा वाचली की शून्य होतात. तुम्ही छडा लावायला कोडमध्ये एक छपाईची ओळ घातली, तिने रजिस्टर वाचलं, खऱ्या हँडलरला शून्य मिळालं, इंटरप्ट हरवला. ओळ काढली की सगळं ठीक. मी एकदा संपूर्ण रविवार असा घालवलाय. नियम असा: एकदाच वाचा, स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवा, छापायचं असेल तर तेच छापा.

दुसरा उलट आहे, आकडा कधीच न बदलणं. रेगमॅप (रजिस्टरं वाचायची-लिहायची कर्नलची तयार सोय) वापरत असाल आणि स्टेटस रजिस्टर ‘व्होलाटाइल’ म्हणून नोंदवलेलं नसेल, तर कॅशमधला जुनाच आकडा मिळत राहतो. बसवर वाचनच होत नाही.

तिसरा, दोन तुकड्यांत वाचलेला ६४ बिटांचा काउंटर. खालचा अर्धा वाचून वरचा वाचेपर्यंत खालचा उलटला (पुन्हा शून्यावर आला), तर वेळ एकदम पुढे उडी मारते. मायक्रोसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ७१ मिनिटं ३५ सेकंदांनी उलटतो. तुमचा दोष या ७१-७२ मिनिटांच्या पटीत येत असेल तर उत्तर इथेच आहे. वरचा, खालचा, पुन्हा वरचा असं वाचा. दोन्ही ‘वरचे’ जुळेपर्यंत परत वाचा, पण किती वेळा याला मर्यादा घाला.

सहावी तपासणी: कोडची वेस

आता मुख्य काम. हार्डवेअरमधून आकडा कोडमध्ये शिरतो ती प्रत्येक जागा शोधायची आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं: इथे सगळे एफ आले तर काय होईल? सगळी शून्यं आली तर? मी मोठ्या फाइलमध्ये रजिस्टर वाचणाऱ्या फंक्शनचं नाव शोधतो आणि एकेक जागेवर टिक करत जातो. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

वाट पाहणाऱ्या लूपपासून सुरुवात करा. ‘व्यग्र’ बिट शून्य होईपर्यंत थांब, असं लिहिलेलं असतं. कार्ड बसवरून पडलं की ते बिट कायम एक. सीपीयू तिथेच फिरत राहतो आणि तुम्हाला २२ सेकंदांची ती ओळ मिळते. पण याहून फसवा प्रकार उलटा: ‘तयार’ बिट एक होईपर्यंत थांब. सगळे एफ आले की हा लूप ताबडतोब आनंदाने संपतो, आणि ड्रायव्हर मेलेल्या कार्डावर डेटा लिहू लागतो. त्यामुळे वेळेची मर्यादा घातली म्हणजे झालं असं समजू नका. वाट संपल्यावर आलेला पूर्ण आकडाही बघा.

लूप स्वतः लिहू नका. कर्नलमध्ये ‘रीडएल_पोल_टाइमआउट’ आहे, आणि इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक (धरल्यावर झोपायची मुभा नसलेलं कुलूप) धरून असाल तर त्याचा ‘अॅटॉमिक’ भाऊ. स्वतः लिहिलेल्या लूपमध्ये एक बारीक चूक हमखास होते: वेळ संपली म्हणून लगेच हार मानणं. मधल्या काळात कर्नलने तुमचं काम बाजूला ठेवून दुसरं घेतलं असेल, हार्डवेअर कधीच तयार झालं असेल, पण तुम्ही परत आलात तेव्हा घड्याळ पुढे गेलेलं. ते मॅक्रो वेळ संपल्यावर आणखी एकदा वाचतं आणि मगच उणे ११० देतं.

इंटरप्ट हँडलरमध्ये स्टेटस वाचल्यावर पहिली ओळ सगळ्या एफची हवी. नाहीतर हँडलरला वाटतं की डेटाही आलाय, चूकही झालीय, लिंकही तुटलीय, सगळं एकदम. पीसीआयसाठी ५.१७ या कर्नलपासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, ‘पीसीआय_पॉसिबल_एरर’ नावाचं तयार मॅक्रो आहे. नावातला ‘पॉसिबल’ मुद्दाम आहे. एखाद्या काउंटरचं खरं मूल्यही सगळे एफ असू शकतं. म्हणून शंका आली की असं दुसरं रजिस्टर वाचा जे कधीच सगळे एफ नसतं; व्हेंडर क्रमांक त्यासाठी उत्तम. तोही एफएफएफएफ आला तर कार्ड गेलं. मग ‘गेलं’ असा झेंडा लावा, टायमर थांबवा, वापरणाऱ्या प्रोग्रॅमला उणे १९ द्या आणि पुन्हा रजिस्टरला हात लावू नका.

आकडा अॅरेचा निर्देशांक किंवा बफरची लांबी म्हणून वापरला जात असेल तर तिथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. लक्षणांच्या यादीतला शेवटचा, चार तासांनी भलतीकडे फुटणारा प्रकार इथूनच येतो. उपकरण म्हणालं पॅकेट ६५५३५ बाइटांचं आहे, बफर २०४८चा, आणि कोडने विश्वास ठेवला. शेजारची मेमरी पुसली गेली. चोरी एका घरात, बोंब दुसऱ्या आळीत. लांबी तपासा, आणि मोठी असेल तर कापून २०४८ करू नका, पॅकेट टाकून द्या. कापणं मला पूर्वी शहाणपणाचं वाटायचं. पण लांबीच खोटी असेल तर आतला डेटा खरा कशावरून? शिवाय उपकरण डीएमएने (सीपीयूला मधे न घेता) ज्या मेमरीत लिहितं, तिथला आकडा आधी तपासून मग पुन्हा वाचू नका. दोन वाचनांच्या मधे तो बदलू शकतो. एकदा उचला, उचललेला तपासा, तोच वापरा. दोष सापडतच नसेल तर केएएसएएन (मेमरीची चूक जागच्या जागी पकडणारी कर्नलची सोय) चालू करून कर्नल बांधा. मशीन मंदावेल, पण बोंब चोरीच्या घरातच ऐकू येईल.

भागाकाराचं एक विचित्र प्रकरण. घड्याळाचा विभाजक रजिस्टरमधून वाचून भाग देणारं कोड एआरएमच्या ६४ बिट बोर्डावर वर्षभर चाललं. तेच इंडस्ट्रियल पीसीवर नेलं आणि पहिल्याच दिवशी ‘डिव्हाइड एरर’ने कोसळलं. रजिस्टर दोन्हीकडे अधूनमधून शून्य देत होतं. फरक इतकाच की त्या एआरएम प्रोसेसरची भागाकाराची सूचना शून्याने भागलं की मुकाट्याने शून्य देते, एक्स८६ अपवाद उभा करतो. म्हणजे वर्षभर आमचा सॅम्पलिंगचा वेग मधूनच शून्य होत होता आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कोसळणाऱ्या मशीनचे मी मनातल्या मनात आभार मानले.

राखीव बिटं मास्क करा (झाकून टाका), हे थोडक्यात. चिपची नवी आवृत्ती आली, मॅन्युअलमधल्या ‘राखीव’ बिटांत काहीतरी येऊ लागलं, आणि ‘बरोबर १ आहे का’ अशी तुलना करणारं कोड नव्या लॉटच्या सगळ्या बोर्डांवर पडलं. ‘फील्ड_गेट’ने तुमचीच बिटं उचला.

आणि ‘बग_ऑन’ (अट मोडली की कर्नल तिथेच पाडणारी ओळ) घालू नका. मोठा इशारा छापणारं वॉर्नही नको. अनेकांना वाटतं की अशक्य आकडा आला की ओरडायलाच हवं. पण वॉर्न हे कर्नलच्या स्वतःच्या चुकांसाठी आहे, आणि काही ठिकाणी ‘पॅनिक_ऑन_वॉर्न’ चालू ठेवतात. तिथे तुमची सूचना म्हणजे अख्खं मशीन बंद. एका सैल वायरसाठी प्रेस लाइन थांबवायची? उपकरणाच्या नावासह एरर छापा, तोही रेटलिमिटेड, म्हणजे ठरावीक वेळात ठरावीकच ओळी. साध्या मांडणीत तो पाच सेकंदांत दहा ओळींवर थांबतो. नाहीतर मिलिसेकंदाला एक ओळ छापून डिस्क भरते आणि मूळ पहिली ओळ वाहून जाते.

सातवी तपासणी: मुद्दाम बिघडवून बघा

दुरुस्ती केली हे कसं कळणार? दोष आठवड्यातून एकदा येत असेल तर आठवडाभर वाट बघण्यात अर्थ नाही. चालू मशीनमधून एक्सप्रेस कार्ड उपसू नका. स्लॉट हॉटप्लगचा नसेल तर कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही जाऊ शकतात. त्याऐवजी रजिस्टर वाचण्यासाठी स्वतःचं एकच छोटं फंक्शन ठेवा आणि चाचणीच्या बांधणीत त्याला हजारातून एकदा सगळे एफ परत करायला लावा. आय-टू-सीसाठी कर्नलबरोबर ‘आय-टू-सी स्टब’ नावाचं मॉड्यूल येतं. ते खोटी चिप उभी करतं आणि तिच्या रजिस्टरांत तुम्ही हवा तो आकडा लिहू शकता. मी नव्या ड्रायव्हरला घरीच, कोथरूडच्या टेबलावर, पोच नसलेली चिप, ८५, सगळी शून्यं असा सगळा भत्ता चारून मग भोसरीला नेतो.

इथे थांबा

पॅनेलमध्ये २३० किंवा ४१५ व्होल्ट उघडे असतील तर केबल हलवणं, अर्थिंग बघणं हे परवानाधारक वायरमनचं काम. सॉफ्टवेअरवाल्याने हात घालायचा नाही, ‘फक्त एक मिनिट’ म्हणूनही नाही. व्हीएफडी बंद केल्यावरही त्याच्या आतले कपॅसिटर काही मिनिटं भरलेले असतात.

वाचलेला आकडा हीटर, प्रेशर किंवा सुरक्षा इंटरलॉक चालवत असेल तर तुमच्या ड्रायव्हरच्या दुरुस्तीवर मशीन सोडू नका. स्वतंत्र थर्मल कटआउट आहे का हे मशीन बनवणाऱ्याकडून तपासून घ्या. नसेल तर तो बसेपर्यंत मशीन बंद.

तेच कार्ड दुसऱ्या पीसीत घातलं तरी ‘अनकरेक्टेड’ बस एरर येत असतील, किंवा त्याच स्लॉटमध्ये दुसरं कार्ड घातलं तरी येत असतील, तर पहिल्या बाबतीत कार्ड, दुसऱ्या बाबतीत मदरबोर्ड दुरुस्तीला द्या. चिप हाताला चटका देत असेल, जळका वास असेल, ३.३ व्होल्टच्या जागी २.९ दिसत असेल तर बोर्ड डिझाइन करणारा माणूस हवा. आणि पहिल्या सहाही तपासण्या करून, ऑसिलोस्कोपवर बस स्वच्छ दिसत असूनही चिप मॅन्युअलविरुद्ध वागत असेल, तर चिप कंपनीची चुकांची यादी, म्हणजे एराटा, मागवा. मी एकदा तीन आठवडे ज्याच्याशी झगडलो ते तिथे दोन ओळींत लिहिलेलं होतं.

त्यांच्याकडे जाताना ‘सर, चालत नाही’ एवढंच घेऊन जाऊ नका. कर्नलची आवृत्ती, आधीच्या बूटचा पूर्ण लॉग, एलएसपीसीआयचं सविस्तर आउटपुट दोनदा, एकदा ठीक असताना आणि एकदा बिघडल्यावर, चिपवर छापलेली आवृत्ती आणि लॉट क्रमांक यांचा फोटो, आणि आकडा हेक्समध्ये. मेंटेनन्सच्या काकांना मी आता एक वही दिली आहे: वेळ, आकडा, आणि तेव्हा शेजारी कोणतं मशीन चालू झालं. गेल्या महिन्यात त्या वहीतल्या सात नोंदींपैकी सहांसमोर ‘कॉम्प्रेसर सुरू’ असं लिहिलेलं होतं.